सासऱ्या-जावयातलं वचन

४ फेब्रुवारी

ति. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पवित्र शास्त्राच्या भाषांतर समितीत एका स्वल्पविरामावरून दोन बैठका गेल्या, हे मी हिला वाचून दाखवलं, तर ही इतकी हसली की कपातला चहा बशीत आला. तुमचं भाषांतर पुरं होईपर्यंत आम्हाला चष्म्यातूनही दिसेनासं होणार, असं तिचं म्हणणं आहे. मी तुझी बाजू घेतली. खुर्चीच्या एका सांध्यावर मीही अर्धा दिवस घालवतो आणि बसणाऱ्याला तो कधी दिसत नाही.

आता मोठी बातमी. भिंगरीचं लग्न ठरलं. नवरामुलगा तुझ्या पाहण्यातला आहे, आपला लंबू. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा कारखान्याच्या चौकटीला कपाळ आपटून, वर चौकटीचीच माफी मागणारा तोच तो. बरीच वर्षं माझ्या हाताखाली आहे. पोरीने येऊन सांगितलं तेव्हा मी नाही म्हणायच्या तयारीनेच बसलो होतो, पण कारण सापडेना. हाताला चांगला, तोंडाने कमी, आणि पोरीच्या बडबडीला न कंटाळणारा. शेवटी हो म्हणून मोकळा झालो.

कारखान्याच्या वरची खोली त्यांना देतो आहे. खिडकी मोठी करायला घेतली आहे. मुलगी घरातच, जावई घरातच, आणि खुर्च्यांचे पाय बसवायला माणूसही घरातच. याहून चांगलं काय व्हायचं?

आहेर म्हणून अक्रोडाची पेटी करतो आहे, पांघरुणं ठेवायची. झाकणावर बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकातलं, मिस्पा या जागेचं ते वचन कोरणार आहे, आपण एकमेकांच्या नजरेआड असू तेव्हा देव आपल्या दोघांवर नजर ठेवो, अशा अर्थाचं. मध्ये एका लग्नात वधूवरांच्या अंगठ्यांवर ते अर्धं अर्धं कोरलेलं पाहिलं आणि मनात भरलं. तू मूळ इब्री (हिब्रू) अक्षरं काढून पाठव, म्हणजे कडेने तीही कोरतो. कुठून कुठे वाचायचं त्याचा बाण मात्र काढ. नाहीतर देव उलटा व्हायचा.

पत्राची वाट पाहतो. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

भिंगरीची बातमी वाचून मी वर्ग अर्ध्यावर सोडून पोरांना सुट्टी दिली. इब्री क्रियापदांतून सुटका झाली म्हणून त्यांनीही तिला मनापासून आशीर्वाद दिले आहेत. लंबू मला आवडतो. निर्जीव वस्तूची माफी मागणारा माणूस सजीवांशी नीटच वागेल.

आता पटाशी खाली ठेव आणि बसून वाच. ते वचन पेटीवर कोरू नकोस.

गोष्ट तुला माहीत आहे, पण लहानपणी आपण ती तुकड्यातुकड्यांनी ऐकली. याकोब हा लाबानाचा भाचा, आणि पुढे जावई. मामाने त्याला वर्षानुवर्षं राबवलं, ठरलेली मजुरी पुन्हा पुन्हा बदलली, धाकटी लेक राहेल कबूल करून आधी थोरली लेआ पदरात टाकली. शेवटी सासरा मेंढरं कातरायला गेलेला पाहून याकोब बायकामुलं आणि गुरंढोरं घेऊन न सांगता निघाला. लाबानाने पाठलाग करून त्याला डोंगरात गाठलं. कडाक्याचं भांडण झालं. मग दोघांनी दगडांची रास रचली, आणि तुझं ते गोड वचन लाबानाने त्या राशीपाशी जावयाला ऐकवलं.

शब्दही पाहा. 'नजर ठेवणं' म्हणून जे क्रियापद तिथे आहे, ते पहारेकऱ्याचं आहे, बुरुजावर उभं राहून चाहूल घेणाऱ्याचं. मिस्पा या नावातही तोच धातू. पुढच्याच वाक्यात लाबान बजावतो की माझ्या मुलींना छळशील किंवा आणखी बायका करशील तर बघणारं कोणी नसलं तरी देव साक्षी आहे. म्हणजे सरळ अर्थ असा: माझ्या माघारी तू काय करशील याचा मला भरवसा नाही, म्हणून देवाला पहाऱ्यावर बसवतो. नवराबायकोच्या पेटीवर हे कोरणं म्हणजे पाहुण्यांच्या खोलीवर 'सामान सांभाळा' अशी पाटी लावणं.

एक गंमत मात्र राहवत नाही म्हणून लिहिते. कारखान्यात इतकी वर्षं राबलेला जावई, आणि त्याला घरातच डांबून ठेवू पाहणारा सासरा. हे वचन तू निवडलंस की वचनाने तुला निवडलं, ते मला कळेना.

दुसरं एखादं छान वचन मी शोधून देते. हिला आणि भिंगरीला जवळ घे. पत्राला उशीर चालेल, प्रेमाला नको.

तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

ति. ताईस,
सलाम वि. वि.

पत्र मिळालं. मजकूर समजला.

मी लाबान आहे हे मला ठाऊक नव्हतं. बरं झालं सांगितलंस. माझी मुलगी एकच असल्याने ऐन वेळी दुसरी बदलून देण्याची सोय माझ्याकडे नाही, एवढं तुझ्या समितीला कळव. मजुरीचं म्हणशील तर लंबूची मजुरी मीही बदलली आहे. दर वेळी वाढवून.

तुझं पत्र येईपर्यंत मी स्वस्थ बसलो नव्हतो. झाकणावर 'नजरेआड असू तेव्हा' एवढं कोरून झालं होतं. सुरुवात मधूनच केली होती, कारण अक्षरं दोन्ही बाजूंना सारखी पसरायची होती. आता ती फळी भिंतीकडे तोंड करून उभी आहे. येणारे-जाणारे विचारतात. मी त्यांना सांगतो की माझ्या बहिणीला पुढचं ठाऊक आहे.

दुसरं वचन पाठवू नकोस. त्याच्याही मागे-पुढे काहीतरी निघेल.

लोभ तुझ्याकडे शिल्लक असेल तर ठेव.

धाकटा

२० फेब्रुवारी

ति. आत्यास,
भिंगरीचा सलाम आणि एक मोठी तक्रार.

तू बाबांना असं काय लिहिलंस? तुझं पत्र आल्यापासून ते हातातलं काम थांबवून लंबूला विचारतात, मी तुला कधी डांबून ठेवलं का रे. लंबू नाही म्हणतो. मग ते म्हणतात, नीट आठवून सांग. परवा चहाच्या वेळी विचारलं, तर लंबूला ठसका लागला आणि त्याच्या नाकातून चहा आला. आई पदराआड हसत होती. तिच्या मते बाबांना राग तुझ्या बोलण्याचा आलेला नाही, ते थोडंसं पटल्याचा आला आहे.

पण लंबूला ठसका लागण्याचं कारण वेगळं आहे, आणि ते मी फक्त तुला सांगते. आम्ही इथे राहणार नाही. गाडीने दिवसभराच्या वाटेवर एक गाव आहे, तिथे नवं वाचनालय उभं राहतंय. त्यातली सगळी कपाटं, मेजं आणि बाकं करायचं काम लंबूला मिळालं आहे. शेजारीच रिकामी शेड आहे, तिथे तो स्वतःचा कारखाना टाकणार. त्याने आधी मला विचारलं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. पॉलिशचं सगळं माझ्याकडे राहील. आत्या, मला इतका हुरूप आलाय की रात्रीची झोपसुद्धा घाईत उरकते.

बाबांना यातलं काही माहीत नाही. ते रोज वरच्या खोलीत जाऊन खिडकीची चौकट घासतात. कालच मला बोलावून दाखवलं की इथे बसलीस तर खालचं अंगण दिसेल. मी छान म्हटलं आणि जिन्यात येऊन रडले. लंबू म्हणतो, लग्न होऊ दे, मग हळूच सांगू, किंवा बाबा लाकूड आणायला बाहेरगावी गेले की सामान हलवू.

तू इतकं शास्त्र शिकलीस. एखादं असं वचन शोधून दे की जे ऐकल्यावर बाबा आपणहूनच म्हणतील, पोरी जा. तेवढं केलंस तर जन्मभर तुझ्या खुर्च्या फुकट पॉलिश करीन.

तुझीच लाडकी (हे तूच म्हणतेस),
भिंगरी

२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
गोड आशीर्वाद.

खुर्च्यांची लाच आवडली, पण असलं वचन माझ्याकडे नाही. खरं तर शोधलं तर मिळेल. शास्त्रातून हवं ते वाक्य उचलून हव्या त्या माणसावर फेकता येतं, लोक तेच करत आले आहेत, आणि ते करू नये एवढंच शिकवायला मला पगार मिळतो.

त्याऐवजी तो आख्खा अध्याय वाच. एका दमात वाच, मध्ये उठू नकोस. सासरा मेंढरं कातरायला गेल्यावर पळ काढायचा बेत तिथे कोणी केला होता ते तुला दिसेलच. लंबूला सांग की लाकूड आणि लोकर यात फारसा फरक नाही.

याकोबाची एक गोष्ट मला पटते. निघायच्या आधी त्याने राहेल आणि लेआला शेतावर बोलावून सगळं सांगितलं, त्यांचं मत घेतलं. तुझ्या लंबूनेही तेवढं केलं. पण पुढे गाठ पडल्यावर लाबान काय म्हणतो ते बघ. तो म्हणतो, सांगितलं असतंस तर मी गाणी-बजावणी करून तुला वाटेला लावलं असतं, माझ्या लेकींचा मुकाही तू मला घेऊ दिला नाहीस. हे वाक्य मी वर्गात कायम भरभर वाचून पुढे जाते. लाबान लबाड, त्यामुळे पोरं हसतात, मीही हसते. तुझं पत्र वाचल्यावर या खेपेला तिथे थांबले. माणूस लबाड असला म्हणून त्याचं प्रत्येक वाक्य खोटं नसतं. हे मला खरं वाटलं. आणि तू का पळालास, असं विचारल्यावर याकोबाने दिलेलं उत्तरही खरं आहे. तो म्हणतो, मला भीती वाटली.

तुलाही भीतीच वाटते आहे, दुसरं काही नाही. तेव्हा लग्नाआधी सांग. दोघांनी मिळून सांगा, सरळ सांगा, मध्ये मला किंवा याकोबाला घालू नका. तुझ्या बाबांपासून मी हे फार दिवस लपवणार नाही. विचारलं तर खरं सांगीन.

कळव. मी इथे खिडकीत बसून पोस्टमनला घाबरवते आहे. तुझ्यावरची माया मोजून होत नाही, म्हणून लिहीत नाही.

आत्या

२ मार्च

ति. आत्यास,
घाईचा सलाम.

सांगितलं. काल जेवताना, सूप पुढ्यात असताना. लंबूने सुरुवात केली आणि दोन शब्दांनंतर गप्प झाला, मग मी उरलेलं सगळं एका श्वासात सांगून टाकलं. बाबांनी चमचा खाली ठेवला. ओरडले नाहीत. फक्त विचारलं की मग त्या खिडकीचं काय करायचं. ते उठून खाली गेले आणि एक चांगली फळी घेऊन तिला रंधा मारत बसले. आई जाऊन बघून आली. म्हणाली, फळीचा पुठ्ठा झालाय, गुडघ्यापर्यंत भुसा आणि ढलप्या साचल्यात, पण माणूस ठीक आहे.

आईला सगळं आधीच कळलं होतं. मी त्या खोलीच्या पडद्यांचं माप घेत नाही, हे तिने केव्हाच टिपलं होतं. तिने पडद्याचं कापडसुद्धा आणलेलं नाही.

बाबा आमच्याशी बोलत नाहीत. लंबूशी कामापुरतं बोलतात. लंबू आज तीनदा चौकटीला आपटला.

आत्या, बरं केलं ना आम्ही? जड वाटतंय, पण जिन्यात रडू येत नाही.

तुझी,
भिंगरी

६ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, आणि आधी क्षमा मागते.

पोरांनी तुला सांगितलं, ते मला त्यांच्याकडून कळलं. त्याबद्दल मी काही सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही पाहा. मला माझ्या चुकीबद्दल लिहायचं आहे.

मी तुला ते वचन मागचं-पुढचं पाहून वाच म्हटलं आणि स्वतः मागचंच पाहिलं. पुढे एका वाक्यापलीकडे गेलेच नाही. आमच्या आवृत्तीत वाचकांसाठी छोट्या टिपा असणार आहेत. त्या जागेची टीप माझ्याकडे होती, आणि मी ऐटीत लिहून दिलं होतं की हा आशीर्वाद नव्हे, धमकी आहे. आमचे ग्रीकवाले प्राध्यापक म्हणालेही की बाई, टीप जरा उद्धट झाली. मी त्यांना त्यांचं ग्रीक सांभाळायला सांगितलं. तुझं रागाचं पत्र आल्यावर पुन्हा बसले.

ऐक. दोघांनी त्या राशीला नाव दिलं, लाबानाने त्याच्या अरामी भाषेत आणि याकोबाने इब्रीत. दोन्हींचा अर्थ एकच, साक्षीची रास. आपापली भाषा कोणी सोडली नाही, तरी एकच गोष्ट बोलले. मग करार. मी तुझ्या बाजूला ही रास ओलांडून येणार नाही, तू माझ्या बाजूला ओलांडून येऊ नकोस. मी इतकी वर्षं इथे सीमा बंद झाली असंच शिकवत आले. पण मूळ वाक्याच्या शेवटी एक छोटा शब्द आहे, 'वाईटासाठी'. वाईट करायला ओलांडायचं नाही, एवढंच. भेटायला, मदतीला, नातवंडं बघायला ओलांडू नये असं कुठेही म्हटलेलं नाही. यापुढे जाऊन लाबान खरोखर भेटायला गेला असं मी म्हणणार नाही. मजकुरात तसं नाही, आणि नाही ते मी त्यात घालणार नाही. पण दार त्या शब्दाने उघडं ठेवलंय, हे नक्की.

आणि मग ते सगळे तिथेच एकत्र जेवले. सकाळी लाबान उठला, नातवंडांचे आणि लेकींचे मुके घेतले, त्यांना आशीर्वाद दिला, आणि आपल्या घरी परत गेला. शेवटी आशीर्वाद आहेच, धाकट्या. तो तू निवडलेल्या वाक्यात नाही, खाली आहे. तू चुकीच्या जागी बोट ठेवलंस, आणि मी तुझं बोट उचलून पुस्तकच मिटवलं. कोणाचं जास्त चुकलं ते तू ठरव.

तुला लाबान म्हटलं त्याचं मला वाईट वाटतं. म्हणायचंच होतं तर त्याला शेवटपर्यंत वाचून म्हणायला हवं होतं.

टीप मागे घेतली आहे, नवी लिहिते आहे. तू मात्र माझ्यावरचा जीव मागे घेऊ नकोस.

ताई

१५ मार्च

ति. ताईस,
कृ. सा. सलाम वि. वि., आणि हा सलाम पूर्वीइतकाच जाड आहे.

तुझं पत्र मी तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. मग एका दुपारी डबा खायच्या वेळी लंबूला हाक मारली, यंत्र बंद करायला सांगितलं, आणि तो अध्याय मोठ्याने वाचायला घेतला. तुझ्यावर भरवसा नाही असं नाही, पण एकदा फसलो होतो.

मजा सांगतो. लाबान बोलायला लागला की लंबू खाली बघायचा, आणि याकोब बोलायला लागला की मी. याकोब शेवटी भडकतो ना, की उन्हात तापलो, थंडीत गोठलो, डोळ्याला डोळा लागला नाही, तिथे आल्यावर मी थांबून लंबूला विचारलं, तुलाही यातलं काही म्हणायचं असेल तर म्हण. त्याने तोंडातला पाव संपवला. मग म्हणाला की हिवाळ्यात मागचं दार बंद होत नाही, त्याच्या पाठीवर वारा येतो, हे बरीच वर्षं सांगायचं होतं. ताई, सुताराच्या कारखान्यात दार बंद होत नाही आणि मला पत्ता नाही. तेवढी एक तक्रार. मला वाटलं होतं की फार मोठं काहीतरी ऐकावं लागेल. ऐकून झाल्यावर मला एवढं हलकं वाटलं की मीही बोललो. म्हटलं, मला कामाला माणूस कमी पडेल याचं काही नाही, मला पोरीचा जिन्यातला आवाज कमी पडेल.

मग आम्हीही करार केला. न कळवता त्याचे सांधे तपासायला मी जाणार नाही. माझ्या गिऱ्हाइकांना तिकडून खुर्च्या त्याने पाठवायच्या नाहीत. भिंगरीला त्रास झालेला कळला तर मात्र मी न कळवता येणार, हे कलम मी घातलं. त्यावर तो म्हणाला की ते वाईटासाठी नाही, त्यामुळे चालेल. तुझा तो छोटा शब्द त्याने बरोबर पकडला. मागच्या दाराला त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी नवी बिजागरी बसवली.

झाकणाच्या फळीचं असं केलं. ती मधोमध कापली आणि दोन छोटे बाक केले, एक माझ्या कारखान्यात, एक त्याच्या. ते वचन सासऱ्या-जावयातलंच आहे ना, मग तिथेच राहू दे. माझ्या बाकावर 'नजरेआड' आलं, त्याच्या बाकावर 'असू तेव्हा'. नुसतं 'असू तेव्हा' वाचून लोक काय समजायचं ते समजोत. तुझ्यासारखी एखादी येऊन त्यांना मागचं-पुढचं वाचून दाखवेल.

पेटीला नवं झाकण केलं आहे आणि त्यावर काहीही कोरलेलं नाही. वरच्या खोलीची खिडकी पुरी केली. तिथे आता तू राहायचं, लग्नाला येशील तेव्हा आणि नंतरही. अंगण दिसतं. लवकर ये. ही म्हणते, समितीला स्वल्पविरामावर बसवून ये.

तुझा आणि तुझाच,
धाकटा

२८ एप्रिल

ति. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

लग्नाहून तू परत गेलीस आणि घर एकदम शांत झालं. तुझ्या नव्या टिपेवर ग्रीकवाल्यांनी सही केली हे वाचून बरं वाटलं.

काल पोरं गेली. सकाळी ट्रक आला. लाकडं, हत्यारं, बाक, गाद्या, सगळं चढवलं. पेटी शेवटी चढवली. मी हत्यारांच्या भिंतीवरून सहज नजर फिरवली तर आपल्या वडिलांचा रंधा जागेवर नाही. तोच, मुठीवर अंगठ्याचा खळगा पडलेला. लंबूला विचारलं तर त्याचा चेहरा कोरा. तो खोटं बोलू शकत नाही, त्याचे कान लाल होतात. कान पांढरे होते.

मग ट्रककडे गेलो. भिंगरी मागे सामानात बसलेली, नेमकी त्या पेटीवर. निरोप घ्यायला खाली उतर म्हटलं, तर म्हणाली, बाबा, पाय आखडलेत, उठवत नाही. तोंड इतकं साळसूद की मला तिथल्या तिथे आठवलं. त्याच अध्यायात राहेल बापाचे घरातले देव उचलून नेते ना, उंटाच्या खोगिरात लपवून त्यावर बसते, आणि बाप झडती घ्यायला आला की म्हणते, मला उठवत नाही, रागावू नका. कार्टीने अध्याय एका दमात वाचला होता, त्याचा हा उपयोग.

मी झडती घेतली नाही. चाकावर पाय देऊन वर चढलो, तिचा मुका घेतला, डोक्यावर हात ठेवला, आणि सावकाश खाली उतरलो. ट्रक वळेपर्यंत ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती. इकडे माझंही तेच.

राहेलने ते देव का नेले, याबद्दल तुमचे विद्वान काय म्हणतात? मला उगाच नाही, खरंच जाणून घ्यायचं आहे. भिंगरीलाही विचार. मी विचारणार नाही, माझा करार आहे.

तुझ्या पत्रावर आणि प्रेमावर दिवस काढणारा,
धाकटा

२० मे

ति. आत्यास,
नव्या घरातून नवा सलाम.

तुझं पत्र मिळालं. राहेलबद्दल तू जे लिहिलंस ते मी लंबूलाही वाचून दाखवलं, की कोणी म्हणतं वारशाचा हक्क सांगायला नेले, कोणी म्हणतं प्रवासात राखण म्हणून, कोणी म्हणतं बापावरचा राग. आणि शास्त्र याबद्दल काहीच सांगत नाही, त्यामुळे टिपेत तूही काही सांगणार नाहीस. लंबूला हे फार आवडलं. जिथे माप माहीत नाही तिथे तोही कापत नाही.

राहेलचं मला ठाऊक नाही. तिचं उत्तर माझ्या तोंडी घालू नकोस. माझं विचारशील तर सांगते. रंधा मी राहेलसारखा लपवून आणला खरा, पण बाबा घ्यायला येतील म्हणून आणला. बोलावलं असतं तर त्यांनी कामाचं निमित्त सांगितलं असतं. हत्यार परत आणायला मात्र ते कुठेही जातील.

ते परवा आले. आधी कळवून, कराराप्रमाणे. लंबूच्या बाकावर बसून त्यांनी चहा घेतला, वाचनालयाची कपाटं बघितली, आणि सांध्यांवरून हात फिरवायचा मोह होऊ नये म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून हिंडले. शेवटी एका कपाटापाशी थांबून म्हणाले की दमट हवा लागली की हे दार फुगेल. लंबूने रंधा आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा खळग्यात टेकवला, माझ्याकडे बघितलं. रंध्याचे दोन हात मारून दाराची कड साफ केली आणि दार अलगद बसलं.

गाडीची वेळ झाली तशी त्यांनी रंधा पुसला, पात्याला तेल लावलं, आणि आमच्या फळीवर ठेवला. मी म्हटलं, बाबा, घेऊन जा ना. ते म्हणाले, राहू दे, पावसाळ्यात ती सगळीच दारं फुगतील.

तूही ये. माया इथे पाठव, पत्ता खाली दिला आहे.

तुझी,
भिंगरी